उकळलेला रखवालदार

१

माझी भाची खोटारडी ठरली ती भर सकाळी, शिकल्यासवरल्या माणसांच्या देखत. आणि साक्ष कुणाची, तर बिटाची.

दुपारी ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा बघून मला वाटलं, घरातलं कुणीतरी गेलं. दादाचं नाव माझ्या ओठावर आलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "आत्या, साध्या द्रावणातसुद्धा दारं उघडली नाहीत गं. एकाही फुग्याची नाही." आणि जी रडायला लागली ती थांबेचना.

तिला आम्ही चिंगी म्हणतो. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत ती डॉक्टरेटचं काम करते, आणि मी तिची निवृत्त, खवट आत्या. माझा सगळा जन्म इस्पितळाच्या प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशींमधला विजेचा प्रवाह मोजण्यात गेला, त्यामुळे तिची भाषा घरात फक्त मलाच कळते. तुम्हालाही कळावी म्हणून थोडक्यात सांगते.

झाडाच्या पेशीत एक कोठार असतं. शास्त्रात त्याला रिक्तिका म्हणतात, म्हणजे रिकामी जागा. नाव ठेवणाऱ्याने आत डोकावून पाहिलं नसावं, कारण ती चांगली ठासून भरलेली असते. जमीन खारावली की झाड नकोसं मीठ या कोठारात कोंडून ठेवतं. पण कोठाराच्या पडद्याला बारीक बारीक दारं असतात, आणि ती उघडी राहिली तर मीठ परत बाहेर झिरपतं. चिंगीचं म्हणणं असं, की संकटात झाड स्पर्मीन नावाचा पदार्थ जास्त करतं. पॉलिअमाईन म्हणून जे एक कुळ आहे, त्यातला हा सगळ्यात जालीम. तो बाहेरच्या बाजूने येतो आणि दारात अडकून बसतो. दार बंद, मीठ आत, झाड जिवंत.

हे दाखवायला ती बीट वापरते. बीट कापलं की त्या रिक्तिका लाल फुग्यांसारख्या सुट्या होतात. एकेक फुगा काचेच्या टोकाला धरायचा, त्याच्यावर साधं द्रावण सोडायचं आणि दारं उघडी असल्याचं मोजायचं. मग स्पर्मीनचं द्रावण सोडायचं. दारं मिटतात. बाहेरच्या परीक्षकांनी या निकालावर शंका काढली, संस्थेने कमिटी नेमली, आणि चिंगीच्या मार्गदर्शक बाईच म्हणाल्या, "करून दाखव सगळ्यांसमोर, म्हणजे तोंडं बंद होतील."

"आणि आज साध्या द्रावणातच दारं बंद होती," चिंगी नाक पुसत म्हणाली. "स्पर्मीन घालायच्या आधीच! मग घातल्यावर फरक कसला दिसणार? ते म्हणतात, तुझ्या जुन्या निकालातला फरक तूच रचलेला आहेस. उद्या सकाळी निर्णय आहे. माझं नाव काढून टाकणार, आत्या. सगळं कामच रद्द."

"बाई काय म्हणाल्या?"

"मार्गदर्शकाला आत येऊ देत नाहीत. निर्णय होईपर्यंत आम्ही एकमेकींशी बोलायचंही नाही. बिचाऱ्या बाहेर ताटकळत बसल्या होत्या. मला बघून त्यांचेही डोळे भरून आले."

बाई म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच सरांच्या हाताखाली तयार झालो. कुणी चुकीचं बोललं की हिच्याने राहवत नसे, अगदी पाहुण्याच्या लग्नातसुद्धा ती भाषण करणाऱ्याला अडवून आकडा सुधारायची. म्हणून आम्ही तिला ‘दुरुस्ती’ म्हणत असू. चिंगीला तिच्या हाती मीच सोपवलं होतं. पोरगी चांगल्या ठिकाणी पडली म्हणून निर्धास्त होते.

मी चष्मा पुसला आणि जे विचारायला नको होतं ते विचारलं. "चिंगे, खरं सांग. आकडे रचलेस का?"

तिचं रडणं एकदम थांबलं. मग म्हणाली, "तूसुद्धा?"

मी चपला घातल्या आणि संस्थेत गेले.

२

कमिटीचे अध्यक्ष माशांचे अभ्यासक होते. माणूस सज्जन, पण वनस्पती म्हटलं की त्यांना बहुधा माशांचं खाद्यच आठवत असावं. मी कोण, काय करत होते, हे सांगितल्यावर त्यांना हायसं वाटलं.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "कमिटीत यंत्राने काढलेली प्रवाहाची ही वळणं नीट वाचता येणारं कुणी नाही. आम्ही सरासरी बघितली. प्रयोग संपल्याबरोबर सगळी नोंद मी काढून घेतली आणि या कपाटात मोहरबंद केली. त्या पोरीनेही नंतर बघितलेली नाही."

"मला दाखवता? तुमच्यासमोरच बघते."

त्यांनी मोहर तोडली. पडद्यावर एकामागून एक वळणं उमटायला लागली आणि मला कितीतरी दिवसांनी तरतरी आली.

माझा पहिला संशय कॅल्शियमवर होता. पाणी नीट शुद्ध झालं नाही की द्रावणात कॅल्शियम येतं, आणि त्याने ही दारं मिटतात. पण त्या पडद्याला दारांचे दोन प्रकार असतात, एक चटकन उघडणारं आणि एक संथ. कॅल्शियमने चटकन उघडणारं मिटतं आणि संथ दार उलट सताड उघडतं. इथे दोन्ही मिटलेली होती. दोघांची एकदम मुस्कटदाबी करणारा एकच संशयित.

"स्पर्मीन," मी म्हटलं. "साध्या द्रावणात स्पर्मीन होतं."

"म्हणजे तिने बाटल्यांची अदलाबदल केली?"

"बाटलीत नव्हतं. हा पहिला फुगा बघा. ठार बंद. हा मधला. आणि हा शेवटचा."

अध्यक्ष पुढे वाकले. "हा जरासा उघडलाय."

"सरासरीत ते बुडून गेलं. बाटलीत स्पर्मीन असतं तर जेवढं पहिल्याला, तेवढंच शेवटच्याला मिळालं असतं. इथे ते वाहत्या द्रावणाबरोबर धुऊन जात होतं, कमी कमी होत होतं. म्हणजे ते वाटेत कुठेतरी चिकटलेलं होतं."

स्पर्मीन भारी चिकट असतं. ज्या नळीतून ते एकदा गेलं, त्या नळीतून नंतर साधं द्रावण सोडलं तरी ते सुटत राहतं. म्हणून या प्रयोगशाळेत कडक शिस्त आहे: स्पर्मीनच्या नळीला लाल पट्टी लावायची, ती त्याच दिवशी फेकायची, आणि चुकूनही साध्या द्रावणाला जोडायची नाही. नवीन मुलगा रुजू झाला की आधी त्याला हे शिकवतात, मग चहा कुठे मिळतो ते.

"चला, नळी बघू," अध्यक्ष उठले. खोलीला त्यांनी कुलूप घातलं होतं, पण ते प्रयोगानंतर लगेच नव्हे, कमिटीचा चहा झाल्यावर.

साध्या द्रावणाची नळी जागेवर होती. स्वच्छ, पारदर्शक, पट्टी नाही. अध्यक्षांचा चेहरा पडला. "ही तर नवी दिसते. मग तुमचा तर्क..."

मी नळी बोटांत धरून दिव्यासमोर नेली. आत एक थेंब नव्हता. सकाळभर जिच्यातून द्रावण वाहिलं, ती नळी अशी ठणठणीत कोरडी कशी?

"ही नळी सकाळी इथे नव्हतीच," मी म्हटलं. "तुम्ही चहा पीत होतात तेव्हा कुणीतरी आत येऊन बदलली."

नळीचं टोक तिरकं कापलेलं होतं, आणि मध्ये जोड न घालता ते सरळ काचेच्या तोटीवर चढवलेलं होतं. ती रीत माझ्या ओळखीची होती. कुठून, ते मी त्या क्षणी स्वतःलाही सांगितलं नाही.

३

चिंगी सोडली तर त्या खोलीची किल्ली तिघांकडे असते: द्रावणं तयार करणारे मामा, चिंगीच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी, आणि बाई.

मामा त्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं आहेत, की भिंतीला रंग देताना त्यांनाही द्यावा असं पोरं म्हणतात. मी ‘साध्या द्रावणात स्पर्मीन’ एवढं उच्चारलं आणि त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"ताई, माझ्या बाटलीवर येऊ नका. पाणी मी भरतो, वजन मी करतो, झाकण मी लावतो. बाईंना विचारा, आजवर माझ्या हातून एक बाटली बिघडली असेल तर!"

"बाटली नाही मामा, नळी. आज चहाच्या वेळी तुम्ही नळी बदलली का?"

"चहाच्या वेळी मी चहा देत होतो! अध्यक्षसाहेबांना दोनदा साखर लागते. तिसऱ्यांदाही मागितली असती, पण लाजले." मग त्यांनी खिशातून प्लॅस्टिकचे चिमुकले जोड काढून माझ्या तळहातावर ठेवले. "आणि मी नळी लावली तर यातून लावतो. जोडाशिवाय लावली की माझ्या हातून गळते. हात थरथरतात आता."

शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सगळे ‘मुकी’ म्हणतात, कारण ती आठवड्यातून एखादंच वाक्य बोलते. यंत्रावर बसायच्या पाळीवरून तिची आणि चिंगीची चांगलीच जुंपली होती, आणि चिंगी गेली तर यंत्र आयतं तिला मिळणार होतं. संशय घ्यायला इतकी सोयीची मुलगी शोधून सापडली नसती.

"चहाच्या वेळी तू कुठे होतीस?"

"चिंगीपाशी. तिला उलट्या होत होत्या. मी तिची पाठ चोळत होते." ती थांबली. "आत्या, आमचं भांडण होतं, पण ती खोटं करणारी नाही. मी रोज बघते ना."

"मग तिच्या वाईटावर कोण असेल?"

मुकीने आधी दाराकडे पाहिलं. तिला काहीतरी माहीत होतं, आणि ते बोलल्याने काय होईल हेही माहीत असावं.

"तिने रखवालदार उकळला होता," ती हळूच म्हणाली.

रखवालदार म्हणजे बाईंचं प्रथिन. त्यांनी तरुणपणी ते शोधून काढलं, वेगळं केलं, आणि दाखवून दिलं की ते दारापाशी सोडलं की दार मिटतं. बाईंचं नाव, मानमरातब, ही प्रयोगशाळा, सगळं त्या रखवालदारावर उभं होतं. आता, कुठलंही प्रथिन उकळलं की निकामी होतं. चिंगीने केवळ पडताळा म्हणून रखवालदार उकळून दारावर सोडला. काहीच व्हायला नको होतं.

"मग?"

"तरीसुद्धा दार मिटलं. चिंगीला गंमत वाटली. ती धावत बाईंना सांगायला गेली."

 उकळूनही जे मरत नाही ते प्रथिन नव्हे. स्पर्मीन उकळल्याने मरत नाही, आणि ते प्रथिनाला चिकटून राहतं. रखवालदार कधी रखवालदार नव्हताच. त्याच्या अंगाला चिकटलेलं स्पर्मीन इतकी वर्षं दारं मिटत होतं आणि नाव याचं होत होतं. चिंगीला ते अजून उमगलं नव्हतं. पण जिला सांगायला ती धावत गेली, तिला एका क्षणात उमगलं असणार.

४

बाईच्या घरी मी पोचले तेव्हा ती कुंड्यांना पाणी घालत होती. मला बघून तिने झारी खाली ठेवली आणि गळ्यात पडली. "कशी आहे गं पोर? मला जीव तोडून भेटावंसं वाटतंय, पण नियम पडला."

तिच्या खांद्यावर मान ठेवून मी उभी राहिले. हीच माझ्या आजारपणात उशाशी बसली होती, आणि आई गेली तेव्हा माझ्या आधी हीच रडली होती. वाटेत मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की माझा तर्क चुकलाय. तो चुकलाय याची खात्री करून घ्यायला एकच युक्ती मला सुचली होती.

चहाचे कप घेऊन आम्ही बसलो. मी अगदी सहज म्हटलं, "अध्यक्षांनी मला नोंदी दाखवल्या. उघड आहे गं, बाटलीतच कुणीतरी स्पर्मीन टाकलंय. पहिल्या फुग्यापासून शेवटच्यापर्यंत दारं ठार बंद. एकाचंही हललं नाही."

मी मुद्दाम चुकीचं बोलले होते, आणि मनातल्या मनात विनवत होते: दुरुस्त करू नकोस. आज एक दिवस माझं चुकीचं तसंच राहू दे.

तिने कप तोंडाला लावला, मग खाली आणला. कपाळावर ती ओळखीची आठी पडली.

"ठार कसे असतील? शेवटचे जरा उघडले ना," ती म्हणाली. "बाटलीत असतं तर..."

आणि ती थांबली.

"तू आत नव्हतीस," मी म्हटलं.  "नोंद कपाटात मोहरबंद होती. चिंगीनेही शेवटची वळणं नीट बघितली नाहीत, आणि तिला तुझ्याशी बोलायची बंदी आहे. शेवटचे फुगे उघडले हे तुला कुणी सांगितलं?"

तिने कप बशीत ठेवला. हात अजिबात कापला नाही. तो कापायला हवा होता असं मला वाटून गेलं.

"मी आधी करून पाहिलं होतं," ती म्हणाली.

नळी स्पर्मीनच्या दाट द्रावणात बुडवून ठेवायची, वाळवायची, साध्या द्रावणाच्या जागी बसवायची. किती फुगे होईपर्यंत ती दारं बंद ठेवते, याची तिने रीतसर तालीम केली होती. माझ्या भाचीचा गळा केसाने कापायचा, आणि त्याचीही आधी चाचणी घ्यायची. शिस्तीची बाई!

"तुला तिला हाकलायचं होतं तर सरळ हाकलायचंस. तिला खोटारडी का ठरवलंस?"

"नुसतं हाकललं असतं तर तिने दुसरीकडे जाऊन तेच केलं असतं. खोटारडीचं कोण ऐकतं?" हे ती वर्गात शिकवावं इतक्या शांतपणे बोलली. मग एकदम तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "ती हसत आली होती गं माझ्याकडे. म्हणे, बाई, गंमत बघा, रखवालदार उकळला तरी काम करतो! तिला कळलंसुद्धा नव्हतं की ती काय बोलतेय. माझं सगळं आयुष्य तिने उकळलेल्या त्या वाटीत होतं. ती तरुण आहे, दुसरं काहीतरी करील. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"माझी भाची होती ना ती? मी तुझ्या हातात दिली होती ना?"

 ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि तिची पाठ थोपटावीशीही वाटत होती. यांतलं मी काहीच केलं नाही. जे केलं ते त्याहून वाईट होतं.

"उद्या सकाळी कमिटीसमोर तूच सांग," मी म्हटलं. "तुझ्या तोंडाने. तोवर मी कुणाजवळ बोलणार नाही."

तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "तू होतीस म्हणून," ती म्हणाली.

घरी चिंगी दारातच उभी होती. "काही कळलं?"

"उद्या बघू," मी म्हटलं. तिने जेवणाचं ताट तसंच सारलं. मी तिला काही बोलले नाही.

५

सकाळी कमिटीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं होतं. चिंगी माझ्या शेजारी बसली होती, तिचे डोळे सुजलेले. मुकी तिच्या पलीकडे. मामा दाराशी उभे. अध्यक्ष बोलायच्या आधीच बाई उठली. मी मनात म्हटलं, शाबास, शेवटी माझीच मैत्रीण.

"विद्यार्थिनी निर्दोष आहे," बाई म्हणाली. "साध्या द्रावणाला चुकून स्पर्मीनची जुनी नळी लागली होती. चूक मामांची आहे. काल संध्याकाळी त्यांनी माझ्याजवळ ती कबूल केली. घाबरून त्यांनी नंतर नळी बदलली. माझी विनंती आहे, त्यांना शिक्षा करू नये. वय झालंय, हात थरथरतात. सन्मानाने निवृत्त करावं. आणि मुलीला प्रयोग पुन्हा करू द्यावा."

बोलून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, हिशेब होता. तुझी भाची सुटली ना? मग आता गप्प बस. आणि खरं सांगते, गप्प बसणं किती सोपं होतं ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. चिंगीने माझा हात दाबला होता, तिच्या तोंडावर रंग परत आला होता.

मामा दारातून दोन पावलं पुढे आले. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"अध्यक्ष," मी उठले, "काल प्रयोगानंतर चहा झाला, तेव्हा मामा कुठे होते?"

"इथेच. माझ्यासमोर." अध्यक्षांना काहीतरी आठवलं आणि ते किंचित लाजले. "साखर देत होते."

"पहिल्या घोटापासून तुम्ही खोलीला कुलूप घालेपर्यंत?"

"हो. कुलूप घालतानाही माझ्याबरोबरच होते."

"आणि नळी बदलली गेली ती त्याच वेळात. प्रयोगाच्या आधी बदलली असती तर ती आतून ओली असती. म्हणजे मामा नव्हेत. मुकी तेव्हा चिंगीची पाठ चोळत होती, ते चिंगीला विचारा. आता ती नळी आणा."

नळी आणली. तिचं तिरकं टोक मी टेबलावर ठेवलं.

"आजकालची पोरं जोड वापरतात. मामाही जोड वापरतात. आमच्या वेळी जोड मिळत नसत. आमच्या सरांनी शिकवलं होतं: टोक तिरकं कापा, गरम पाण्यात धरा, आणि फिरवत फिरवत तोटीवर चढवा, थेंब गळणार नाही. ही रीत येणारी माणसं या खोलीत दोनच आहेत. एक मी. माझ्याकडे किल्ली नाही."

पुढचं सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही. रखवालदार, उकळणं, चिकटलेलं स्पर्मीन, शेवटच्या फुग्यांबद्दल तिच्या तोंडून गेलेलं वाक्य, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"हा सूड आहे," बाई म्हणाली. "काल ही माझ्या घरी येऊन..."

"बाई," मामा मध्येच बोलले. आवाज अगदी हळू. "मी कधी कबूल केलं तुमच्याजवळ? काल संध्याकाळी मी नातीला दवाखान्यात घेऊन गेलो होतो. तुम्हीच तर लवकर सोडलंत मला."

दुरुस्तीचं तोंड उघडलं आणि मिटलं. सगळा जन्म जी दुसऱ्यांच्या चुका सुधारत आली, तिला ही सुधारता येईना. ती खाली बसली. "मी केलं," ती टेबलाला म्हणाली. "नळी मीच बदलली. दोन्ही वेळा."

 मग मुकी उठली, मामांना खुर्ची दिली आणि पाणी आणायला गेली.

मला वाटलं, आता चिंगी माझ्या गळ्यात पडेल. तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला.

"तू काल त्यांच्या घरी गेली होतीस?" ती म्हणाली. "म्हणजे तुला कालच कळलं होतं?"

६

प्रयोग त्याच दुपारी पुन्हा ठेवला. अध्यक्षांनी स्वतः नव्या नळ्या आणवल्या. बाई मागच्या जिन्याने निघून गेली होती. तिच्या खोलीच्या दारावरची पाटी कुणी काढली नव्हती, पण आत दिवा नव्हता.

चिंगी बीट कापायला बसली होती. मी तिच्यामागे उभी राहिले. बोलायला सुरुवात कशी करावी ते सुचेना, म्हणून नको ते बोलले. "सुटलीस की नाही शेवटी?"

"हो." ती मागे वळली नाही. "आत्या, काल तू घरी आलीस तेव्हा मी विचारलं, काही कळलं का. तू म्हणालीस, उद्या बघू."

"तिला स्वतःहून सांगायची एक संधी द्यावी म्हटलं. इतक्या वर्षांची मैत्री..."

"रात्रभर मी विचार करत होते, की माझ्याच हातून कुठे काय चुकलं. मला वाटायला लागलं होतं, कदाचित मी खरंच खोटारडी आहे. पलीकडच्या खोलीत तू जागी होतीस. मला दिवा दिसत होता." पातं बिटावर टेकून ती थांबली. "त्यांना तू एक रात्र दिलीस. ती माझी होती. आणि त्या रात्रीत त्यांनी मामांना कसं अडकवायचं ते ठरवलं."

यात दुरुस्त करण्यासारखं एक अक्षर नव्हतं. बाईने माझा विश्वासघात केला म्हणून सकाळपासून मी आतल्या आत जळत होते. पोरीच्या बाजूने मोजलं तर आम्ही दोघी एकाच रांगेत उभ्या होतो.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

कमिटीची माणसं आत यायला लागली. मामा चिंगीच्या उजव्या हाताला बसले, मुकी डाव्या. अध्यक्षांनी माझ्यासाठीही खुर्ची सरकवली. "तुम्ही बसा इथे. वळणं वाचायला आम्हाला तुमची मदत होईल."

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तेवढ्यात चिंगीने वर पाहिलं.

"आत्या, तू बाहेर थांब."

"नातेवाइकांना मनाई नाही बरं का," अध्यक्ष गडबडीने म्हणाले. "तसा कमिटीचा काही नियम नाही."

"कमिटीचा नाही," चिंगी म्हणाली. "माझा आहे."

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग अध्यक्षांचा आवाज आला, "उघडी आहेत, उघडी आहेत!" थोड्या वेळाने मामा जोरात हसले. सगळ्यात शेवटी, उकळलेल्या रखवालदाराची पाळी आली असावी, कारण आत एकदम शांत झालं, आणि मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. त्या गलक्यात मला चिंगीचा आवाज ऐकू आला. ती कुणाला तरी समजावून सांगत होती, न अडखळता, न रडता. शब्द कळत नव्हते.

प्रयोग संपला तेव्हा दार उघडून मुकी बाहेर आली. ती माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "सगळं बरोबर आलं, आत्या."

"चिंगी?"

"ती मामांना घरी सोडायला जातेय. म्हणाली, तुम्हाला सांग, वाट बघू नका."

मी बरं म्हटलं, आणि तरीही बसून राहिले.